डुकरीण उलटते? आधी तिचं घर पाहा!



पशुपालन शिकवताना आपण जाती सांगतो, आहार सांगतो, लसीकरण सांगतो. निवाऱ्याच्या वाट्याला मात्र एकच ओळ येते : ‘जागा स्वच्छ व हवेशीर असावी.’

माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील वराहपालन करतात. यंदा त्यांच्या तीन माद्या उलटल्या, म्हणजे भरवूनही २१ दिवसांनी पुन्हा माजावर आल्या. “वांझ निघाल्या, विकून टाकतो,” असं ते म्हणाले. खुराक चांगला होता. छप्पर मात्र पत्र्याचं, तेही हात वर केला की लागेल इतकं खाली! म्हणून हा लेख.

१) उष्णता

डुकराला घाम जवळजवळ येतच नाही. ते चिखलात लोळतं ते अंग थंड करण्यासाठी. मोठ्या मादीला साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअस तापमान मानवतं. तापलेल्या शेडमध्ये ती कमी खाते, माज नीट दाखवत नाही आणि सुरुवातीचे गर्भ दगावू शकतात. नरावरही परिणाम होतो. शुक्राणू पूर्ण तयार व्हायला सहा-सात आठवडे लागतात, त्यामुळे मे महिन्यातल्या उन्हाचा फटका जून-जुलैत दिसतो. तोवर पाऊस पडलेला असतो, मग उन्हावर संशय कोण घेणार?

२) गर्दी आणि भांडणं

गर्भ गर्भाशयात रुजण्याचं काम साधारण दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात होतं. याच दिवसांत अनोळखी माद्या एकत्र कोंडल्या तर त्या भांडतात. त्या ताणाने गाभ जाऊ शकतो किंवा पिल्लं कमी होतात. मग एकेकीला अरुंद पिंजऱ्यात डांबायचं का? तेही बरं नाही, तिथे मादीला वळतासुद्धा येत नाही. ब्रिटनने असे पिंजरे १९९९ मध्ये बंद केले. युरोपीय संघाने १ जानेवारी २०१३ पासून गाभण माद्या कळपात ठेवणं बंधनकारक केलं, पण भरवल्यानंतरच्या पहिल्या चार आठवड्यांची सूट ठेवली. आपल्याकडे सोपा उपाय म्हणजे ओळखीच्या माद्या एकत्र, पुरेशा जागेत ठेवणं आणि या दिवसांत गट न बदलणं.

३) विण्याची जागा

गाभणकाळ ११४ दिवसांचा. लक्षात ठेवायला सोपं : तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. विण्याच्या आदल्या दिवशी मादी काड्या-पेंढा ओढून घरटं करू लागते, तेव्हा तिला पेंढा द्या. खरी अडचण पुढे आहे. आईला थंडावा हवा, तर नवजात पिल्लाला ३२ ते ३४ अंश ऊब हवी. ऊब नसेल तर पिल्लं आईला चिकटतात आणि तिच्याखाली चिरडतात. म्हणून कोपऱ्यात पिल्लांसाठी बल्ब आणि कोरडा पेंढा ठेवावा. भिंतीपासून वीतभर अंतरावर, जमिनीपासून वीतभर उंच आडवा पाइप बसवावा. आई टेकून बसली तरी पिल्लाला निसटायला जागा राहते.

त्या पालकांनी पत्र्यावर गवताचा जाड थर टाकला, दुपारी पाणी फवारलं आणि नराला झाडाखाली हलवलं. पुढे दोन माद्यांना गाभ राहिला. तिसरी अजून उलटतेय, तिला पशुवैद्यकांना दाखवायचं आहे. पण तीनही विकल्या असत्या तर?

शिक्षकांनो, एक छोटा उपक्रम घ्या. दुपारी दोन वाजता पत्र्याखालचं आणि झाडाखालचं तापमान मुलांना मोजू द्या. निवाऱ्याची ती एक ओळ त्यांना आपोआप समजेल.