बर्फाची ठेव

आपल्याकडे थंडी म्हणजे चार दिवसांची पाहुणी. हुरडा, शेकोटी, ट्रंकेच्या तळातून काढलेला डांबरगोळ्यांच्या वासाचा स्वेटर; संक्रांत उलटली, की ती निघालीच. पण जिथे ही पाहुणी पाच-पाच महिने मुक्काम ठोकते, तिथल्या माणसापुढे दोनच मार्ग असतात. दार लावून कुरकुरत बसायचं, नाहीतर तिच्याशी दोस्ती करायची. अमेरिकेच्या युटा राज्यातलं सॉल्ट लेक सिटी हे अशी दोस्ती केलेल्यांचं शहर आहे.

शहर सव्वाचार हजार फुटांवर, वाटीच्या तळाशी वसावं तसं वसलेलं. पूर्वेला वासॅच पर्वताची भिंत. तिची शिखरं अकरा हजार फुटांच्याही वर जातात. आठवडाभर कचेरीत मान मोडून काम करणारा माणूस शुक्रवारी रात्री स्नोबोर्डला मेण लावून ठेवतो आणि शनिवारी उजाडायच्या आत लिटल कॉटनवुडच्या खोऱ्याची वाट धरतो. एरवी तासाभराच्या आतली ही वाट. पण रात्री ताजा बर्फ पडला असेल, तर खोऱ्याच्या तोंडाशी गाड्यांची अशी रांग लागते, की आपल्याला पावसाळी रविवारचं लोणावळं आठवावं!

ही नुसती हौस नव्हे. हिवाळ्यात थंड, जड हवा या वाटीत साचून राहते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि गाड्यांचा, चिमण्यांचा धूर आतच कोंडतो. कधी कधी आठवडाभर शहर करड्या धुरक्याखाली असतं. अशा दिवशी घाट चढून वर गेलं, की एका वळणावर अचानक निळं आकाश आणि लख्ख ऊन! डोंगर म्हणजे तिथल्या लोकांची गच्चीच म्हणा ना.

या खेळाचा जन्मही घरगुती. 1965 च्या नाताळात मिशिगनमधल्या शर्मन पॉपेन यांनी मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडून एक फळी केली. 1998 मध्ये नागानोला ही फळी ऑलिंपिकपर्यंत पोचली. जुन्या स्कीवाल्यांना मात्र हे आडवं उभं राहून घसरणारं पोर फारसं रुचलं नाही. एकेकाळी चांदीच्या खाणींचं गाव असलेलं आल्टा याच खोऱ्यात आहे. तिथे आजही स्नोबोर्डला मज्जाव आहे. प्रकरण 2014 मध्ये कोर्टात गेलं, पण निकाल आल्टाच्या बाजूने लागला. शेजारच्याच स्नोबर्डमध्ये मात्र दोघेही सुखाने नांदतात.

डोंगराची दोस्ती धाकाशिवाय नसते. बर्फाचे कडे कोसळण्याची भीती असली, की वरच्या गावात हुकूम निघतो: कोणीही घराबाहेर पडायचं नाही. 2021 च्या फेब्रुवारीत लोक असे सलग अडीच दिवस अडकून पडले होते.

आणि आता हिशेबाची गोष्ट. उभी हयात बँकेत गेल्यामुळे मला हा बर्फ मुदत ठेवीसारखा दिसतो. हिवाळ्यात भरणा, उन्हाळ्यात परतफेड. युटाचं सुमारे 95 टक्के पाणी या साचलेल्या बर्फातून येतं. खडकवासला किती टक्के भरलं, हे पुणेकर जसं पावसाळ्यात विचारतो, तसं तिथला माणूस फेब्रुवारीत डोंगरावरच्या बर्फाचे आकडे वाचतो.

पण खर्च जमेपेक्षा वाढला की काय होतं, हेही तिथे दिसतं. शेतीसाठी आणि शहरांसाठी नद्यांचं पाणी वाटेतच उचललं जात असल्यामुळे ज्या खाऱ्या सरोवरावरून शहराला नाव मिळालं, तेच आटत चाललं आहे. 2022 मध्ये त्याने नीचांक गाठला. उघड्या पडलेल्या तळाच्या धुळीत आर्सेनिक आहे आणि ती वाऱ्याबरोबर वस्तीकडे येते. गंमत अशी, की हे सरोवरही डोंगरावरच्या हिमवृष्टीला थोडा हातभार लावत असतं. 2022-23 च्या हिवाळ्यात आल्टाला 903 इंच बर्फ पडला, म्हणजे पंचाहत्तर फूट! सरोवर काही फूट चढलंही. पण एका वर्षाच्या बोनसवर जुनं कर्ज फिटत नाही, हे बँकेतल्या कारकुनालाही कळतं.

2034 चं हिवाळी ऑलिंपिक याच शहरात आहे. तोवर हिवाळे येतील, शनिवारच्या रांगाही लागतील. घसरून, धडपडून, लाल गालांनी घरी परतणाऱ्या पोरांना जुलैमध्ये नळाला येणारं पाणी हा त्याच उताराचा बर्फ आहे, एवढं कुणीतरी सांगायला हवं. ज्यात आपण लोळलो, ते जपावंसं वाटतं. नुसत्या आकड्यांनी तसं वाटत नाही.