वाड्याला वाटेकरी चार, माळवदाला कोणी नाही

शिरूर आणि दौंड तालुक्यांत जुना वाडा कसा संपतो, हे त्याच्या छपरावरून कळते. या अवर्षणाच्या पट्ट्यात माळवदाची घरे जुनी: खाली घडीव दगड, वर विटा, सागवानी खांबांवर तुळया, त्यांवर कडीपाट आणि सगळ्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी ही माती नीट करून चोपावी लागते. दोन-चार वर्षे हयगय झाली की पाणी मुरते, वाळवी लागते आणि एखाद्या आषाढात तुळई खाली येते. काम अवघड नाही. ते करायचे कोणी, एवढाच प्रश्न. देवडी एका भावाची, माजघर दुसऱ्याचे, चौकात तिसऱ्याने घातलेली विटांची भिंत, चौथा नोकरीनिमित्त पिंपरीला. माळवद तेवढे सामाईक.

वाडे कूळ कायद्याने पाडले, असे सर्रास म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. मलठण, कवठे यमाई ही याच पट्ट्यातली पवारांची गावे. या घराण्याच्या शाखांनी माळव्यात धार-देवासची राज्ये उभारली. असल्या घराण्यांच्या वास्तू मोहिमांच्या आणि वतनांच्या पैशावर उभ्या होत्या. १९५० च्या कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने गेली, १ एप्रिल १९५७ रोजी कुळे जमिनीची मालक ठरली, १९६२ च्या कायद्याने पाटीलकीही गेली. कसणाऱ्याला जमीन मिळाली, हे रास्तच झाले. पण उत्पन्न बुडाले एवढ्याने पडझडीचा उलगडा होत नाही. इंग्लंडमधल्या जमीनदारांच्या हवेल्यांनाही शेतीतली मंदी आणि वारसा कर यांनी जेरीस आणले. विसाव्या शतकात तिथे हजारावर हवेल्या जमीनदोस्त झाल्या. मात्र घर अखंड थोरल्या मुलाकडे जाण्याची रीत असल्याने कागदावर सही करायला एक माणूस असे. १९३७ पासून नॅशनल ट्रस्टने घर ताब्यात घेऊन कुटुंबाला तिथेच राहू देण्याची योजना राबवली, ती या सोयीवर चालली. आपल्याकडे सगळ्या भावंडांना हिस्सा मिळतो. न्याय म्हणून हेच बरोबर. फक्त जमिनीचे वाटे पडतात तसे तुळईचे पडत नाहीत. पाबळला मस्तानीची कबर पाहायला आजही लोक येतात. कबरीला वाटेकरी नसतात!

मग हॉटेल करा, हा सध्याचा लाडका उपाय. पुरंदर तालुक्यात पिलाजी जाधवरावांच्या, १७१० च्या सुमाराच्या गढीचे २००७ मध्ये हॉटेल झाले आणि वास्तू सावरली. पण तिथेही आधी कारभार एका हाती यावा लागला, आणि शिरूर-दौंडच्या गावोगावच्या वाड्यांना एवढी गिऱ्हाइके मिळणार नाहीत. मला वाफगावचे उदाहरण जवळचे वाटते: खेड तालुक्यातल्या होळकरांच्या त्या गढीत रयत शिक्षण संस्थेची शाळा अनेक वर्षे भरली. असा वापर करायचा तर डागडुजीला सरकारी मदत लागेल. रयतेच्या घामावर उभ्या राहिलेल्या वाड्यांसाठी सरकारी पैसा कशाला, हा आक्षेप टाळण्यासारखा नाही. सरदारांची शान मिरवायला एक रुपयाही देऊ नये. मात्र तो दगड पाथरवटाने घडवला आणि ती तुळई सुताराने बसवली. त्यांची आठवण सांगणारे गावात दुसरे काही नाही. पैसा द्यायचा तर वाड्यात अभ्यासिका किंवा वाचनालय गावाला खुले करण्याच्या अटीवर द्यावा.

रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीमुळे आसपासच्या जागांचे भाव चढले आहेत, आणि जुन्या सागवानाला व्यापारी केव्हाही तयार असतो. ज्यांच्या नावावर वाड्याचा हिस्सा आहे, त्यांनी पुढच्या वाटणीपत्रात शेत हवे तसे वाटून घ्यावे, पण वाडा वाटपाबाहेर ठेवून भाऊकीचा खासगी न्यास दुय्यम निबंधकांकडे नोंदवावा. आणि तो नोंदवण्याआधी, या उन्हाळ्यात, माळवदावर माती टाकून घ्यावी.