ऑनलाइन खाते, अर्ज आणि आर्थिक व्यवहार : सुरक्षित हाताळणीचे अध्यापन

प्रस्तावना :

एकविसावे शतक हे माहिती तंत्रज्ञानाचे शतक म्हणून ओळखले जाते. महाविद्यालयात नव्याने प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याचा शासनाशी, विद्यापीठाशी आणि बँकेशी येणारा संबंध आज बहुधा पडद्यावरच येतो. प्रवेश अर्ज, परीक्षा अर्ज, महाडीबीटी पोर्टलवरील शिष्यवृत्तीचा अर्ज, शुल्कभरणा ही कामे ऑनलाइन होतात. महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणक साक्षरता खेड्यापाड्यांपर्यंत पोहोचवली. केंद्र शासनाने २०१७ मध्ये प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान हाती घेतले. विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०२२ मध्ये पदवी व पदव्युत्तर स्तरासाठी सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम जाहीर केला. या प्रयत्नांमुळे साधनांची ओळख झाली. परंतु खाते आपले आहे, दिलेली संमती आपली आहे आणि तिच्या परिणामांची जबाबदारीही आपलीच आहे, ही जाणीव त्याच प्रमाणात रुजली असे म्हणता येत नाही.

उद्दिष्टे :

१) ऑनलाइन कामातील धोक्याचे मूळ स्पष्ट करणे.
२) खाते, अर्ज व व्यवहार यांच्या सुरक्षित हाताळणीची सूत्रे मांडणे.
३) वर्गाध्यापनासाठी उपयुक्त पद्धती सुचविणे.

परावलंबनाची सवय :

"ओटीपी कोणालाही सांगू नये" हे वाक्य विद्यार्थ्यास तोंडपाठ असते. तरीही शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना तोच विद्यार्थी सायबर कॅफेतील चालकास ओटीपी वाचून दाखवतो. वापरकर्त्याचे नाव व पासवर्ड चालकच तयार करतो आणि अनेकदा तो चालकाच्याच वहीत राहतो. आधारशी जोडलेला भ्रमणध्वनी वडिलांचा वा भावाचा असल्यास ओटीपी घरून फोनवर विचारला जातो. यात कोणाचाही हेतू वाईट असतो असे नाही. कॅफेचालक बहुतेक वेळा प्रामाणिक असतो आणि त्याच्या मदतीशिवाय अनेकांचे अर्ज भरलेच गेले नसते. मात्र यातून 'काम व्हायचे असेल तर ओटीपी सांगावा लागतो' अशी सवय अंगवळणी पडते. पुढे बँकेचा अधिकारी म्हणून कोणी अनोळखी माणूस फोन करतो, तेव्हा तो याच सवयीचा फायदा घेतो. म्हणून केवळ नियमांचे पाठांतर पुरेसे ठरत नाही. विद्यार्थ्याने पहिला अर्ज स्वतःच्या हाताने भरणे हा खरा उपाय होय.

खात्याची हाताळणी :

खाते उघडण्यापूर्वी संकेतस्थळाचा पत्ता वाचता आला पाहिजे. पत्त्याची मालकी उजवीकडून ओळखावी लागते. मराठी माणसाच्या नावात आधी स्वतःचे नाव, मग वडिलांचे व शेवटी आडनाव येते. घराणे आडनावावरून कळते. त्याचप्रमाणे पहिल्या तिरप्या रेषेच्या आधी येणारे शेवटचे शब्द संकेतस्थळ कोणाचे आहे हे सांगतात. शासकीय संकेतस्थळांच्या शेवटी सामान्यतः 'गव्ह डॉट इन' किंवा 'एनआयसी डॉट इन' असते. भारतीय बँकांनी ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'बँक डॉट इन' या पत्त्यावर यावे, असे निर्देश रिझर्व्ह बँकेने दिले होते. आरंभी बँकेचे नाव व शेवटी भलतेच आडनाव असलेला पत्ता संशयास्पद मानावा. आरंभीचे 'एचटीटीपीएस' ही अक्षरे मजकूर प्रवासात सुरक्षित असल्याचे सांगतात. समोरचा माणूस खरा असल्याची हमी देत नाहीत.

पासवर्ड प्रत्येक महत्त्वाच्या खात्यासाठी वेगळा व लांब असावा. ईमेल खात्याचा पासवर्ड सर्वाधिक जपावा, कारण इतर खात्यांचे विसरलेले पासवर्ड बदलण्याची वाट बहुधा तेथूनच जाते. भ्रमणध्वनी क्रमांक सोडताना तो सर्व खात्यांतून आधी बदलून घ्यावा. बंद झालेला क्रमांक काही काळाने दुसऱ्या ग्राहकास दिला जातो आणि त्यानंतर येणारे ओटीपीही त्याच्याकडे जातात.

अर्ज भरताना :

अर्ज भरणे म्हणजे माहिती देणे आणि संमती देणे होय. त्यामुळे खूण करण्याच्या चौकटीपुढील वाक्य वाचल्याशिवाय खूण करू नये. जेथे पूर्ण आधार क्रमांक आवश्यक नसेल तेथे केवळ शेवटचे चार अंक दाखविणारे 'मास्क्ड आधार' वापरता येते. सार्वजनिक संगणकावर काम झाल्यावर खात्यातून बाहेर पडणे, उतरवून घेतलेल्या कागदपत्रांच्या फाइल्स काढून टाकणे आणि ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवू न देणे ही तीन कामे अर्जाचाच भाग समजावीत.

शिष्यवृत्तीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट शिकविणे अगत्याचे आहे. आधार-आधारित हस्तांतरणाची रक्कम, राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या नोंदीत आधारशी जोडलेले जे एक बँक खाते असते त्यात जमा होते. नव्या बँकेत आधार जोडणी केल्यास जुनी नोंद बदलते. ही माहिती नसल्याने पैसे आलेच नाहीत असा समज होतो. अशा वेळी 'अडकलेली शिष्यवृत्ती सोडवून देतो' असे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवण्याचा मोह होतो.

आर्थिक व्यवहार :

यूपीआयचा वापर २०१६ पासून सुरू झाला. त्याविषयीचे पहिले सूत्र असे, की यूपीआय पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीही लागत नाही. पूर्वी 'पैसे पाठवतो, स्वीकारा' असे सांगून प्रत्यक्षात पैशांची मागणी पाठविली जाई. व्यक्ती-व्यक्तींमधील अशी 'कलेक्ट' मागणी १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्याचे निर्देश राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने दिले. तरी क्यूआर कोड पाठवून तीच फसवणूक करता येते. म्हणून पिन टाकण्यापूर्वी पडद्यावरील नाव, रक्कम आणि पैशाची दिशा या तीन गोष्टी वाचाव्यात.

कमिशनच्या आमिषाने आपले बँक खाते दुसऱ्यास वापरायला देणे हा विद्यार्थ्यांसमोरील मोठा धोका आहे. गुन्ह्याचा पैसा अशा खात्यातून फिरविला जातो आणि चौकशी खातेदाराचीच होते. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मधील कलम ६६ क अन्वये आणि संगणकीय साधनाद्वारे तोतयेगिरी करून फसविणे हा कलम ६६ ड अन्वये गुन्हा आहे. दोहोंसाठी ३ वर्षांपर्यंत कारावास व १ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

फसवणूक झाल्यानंतर :

अध्यापनात हा भाग बहुधा राहून जातो. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे, राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवर तक्रार करावी आणि बँकेस कळवून तक्रार क्रमांक घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असे तत्त्व घालून देण्यात आले, की ग्राहकाने स्वतः ओटीपी वा पिन सांगितल्याने झालेले नुकसान कळवीपर्यंत ग्राहकाचे, कळविल्यानंतरचे मात्र बँकेचे असेल. शिवाय लवकर तक्रार आल्यास रक्कम पुढे जाण्यापूर्वी गोठविता येण्याची शक्यता असते. संकोचाने किंवा घरच्यांच्या भीतीने गप्प राहणारा विद्यार्थी हीच संधी गमावतो. 'फसलास कसा?' असे विचारणाऱ्या वर्गात कोणी तोंड उघडणार नाही, याचे भान अध्यापकाने ठेवावे.

अध्यापन पद्धती :

१) शिष्यवृत्तीच्या काळात महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा खुली ठेवून विद्यार्थ्यांनी स्वतः अर्ज भरावेत. अध्यापकाने शेजारी उभे राहावे. कळफलक विद्यार्थ्याच्याच हाती असावा आणि पासवर्ड टाकताना अध्यापकाने नजर वळवावी.
२) ओटीपीचे संदेश बहुधा इंग्रजीत येतात. नमुना संदेश मोठ्याने वाचून त्यातील रक्कम, प्राप्तकर्ता व कारण मराठीत सांगण्याचा सराव घ्यावा.
३) खरे व बनावट पत्ते फळ्यावर लिहून त्यांची 'आडनावे' ओळखण्यास सांगावे.
४) प्रात्यक्षिकात कोणाचेही खरे खाते, पिन वा आधार क्रमांक वापरू नये.
५) मूल्यमापन लेखी व्याख्यांऐवजी कृतीवर आधारित असावे.

निष्कर्ष :

ऑनलाइन सुरक्षितता ही मुख्यतः थांबून वाचण्याची सवय आहे आणि वाचनाची सवय लावणे हे शिक्षणाचे जुनेच कार्य आहे. कॅफेचालकाच्या मदतीने एक अर्ज भरला जातो. स्वतः भरण्याचे शिक्षण मिळालेला विद्यार्थी पुढील वर्षी आपला आणि घरी आई-वडिलांचाही अर्ज भरू शकतो. हे शिक्षण केवळ संगणक विभागाकडे न सोपविता सर्व विद्याशाखांतील अध्यापकांनी त्याची जबाबदारी स्वीकारणे आवश्यक आहे.