डोंगराआडचा निरोप

३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव डोंगराच्या मातीखाली गेलं. बाहेरच्या जगाला ते कळलं एसटीच्या चालकामुळे. नेहमीची फेरी घेऊन तो आला, तर गावाच्या जागी चिखल होता. माळीणपासून पुणं सरळ रेषेत शंभर किलोमीटरही नाही. २०२१च्या जुलैत चिपळूण-महाड पुरात सापडलं तेव्हाही वीज गेली, मोबाइल बंद पडले आणि आतल्या वाड्यावस्त्यांचं काय झालं ते कळायला वेळ गेला. सह्याद्रीत निरोपाला अंतर फारसं आडवं येत नाही. आडवा येतो तो डोंगर.

तो ओलांडण्याची एक जुनी, स्वस्त वाट हौशी रेडिओचालकांना, म्हणजे हॅम मंडळींना, ठाऊक आहे. गंमत अशी, की त्यांना सातासमुद्रापलीकडचा माणूस बऱ्याचदा सहज सापडतो. शेजारच्या जिल्ह्यातला माणूस गाठायला मात्र वेगळं कसब लागतं.

हे कसब क्लबांमध्ये घोटलं जातं. हॅम क्लबचा पाया म्हणजे ‘नेट’. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर सगळ्यांनी हजेरी लावायची. एक जण नेट कंट्रोल होतो, बाकीचे ‘व्हीयू’ने सुरू होणारं आपलं कॉलसाइन सांगून पाळीपाळीने आत येतात आणि समोरच्याचा आवाज कसा येतोय ते आकड्यांत सांगतात. ‘फाइव्ह नाइन’ म्हणजे स्पष्ट आणि जोरदार. ऐकणाऱ्या तिऱ्हाइताला यात नुसत्या रामराम-गप्पा दिसतात. पण अशा नेटची वही वर्षभर ठेवली, तर आपल्या डोक्यावरचं आकाश कोणत्या महिन्यात, किती वाजता, कुठपर्यंत साथ देतं याचा तो मोजलेला पुरावा असतो.

नेटखेरीज ‘फॉक्स हंट’ असतो. कुणीतरी झुडपात छोटा ट्रान्समीटर लपवतो आणि बाकीचे तो शोधतात. जवळ दिशादर्शक अँटेना नसेल, तर हँडसेट छातीशी धरून स्वतःभोवती फिरायचं. शरीर सिग्नल अडवतं. जिथे आवाज सर्वांत क्षीण होतो तिथे ‘फॉक्स’ आपल्या पाठीमागे असतो. घाटात कातळावरून परावर्तन होऊन सिग्नल भलतीकडूनही येतो, त्यामुळे या खेळात डोंगर रेडिओलहरींशी काय काय करतो ते पायांनी कळतं. परीक्षेची तयारीही क्लबच करून घेतात. परवाना केंद्राच्या दूरसंचार विभागाचा असतो. १२ वर्षांवरील कुणालाही परीक्षा देता येते. इलेक्ट्रॉनिक्सचं प्राथमिक ज्ञान आणि नियम यांवर प्रश्न येतात. वरच्या श्रेणीसाठी मोर्सही लागतं.

नव्या हॅमच्या हातात पहिल्यांदा येतो तो बहुधा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर चालणारा, पाचेक वॉटचा हँडसेट. या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला त्यांचं क्षितिज पाचेक किलोमीटरवर येतं. तेराशे मीटर उंच शिखरावरून तेच दीडशे किलोमीटरच्या आसपास जातं. म्हणून क्लब उंच जागी रिपीटर, म्हणजे ऐकलेला सिग्नल पुन्हा जोराने पाठवणारं यंत्र, बसवतात. एरवी उंची आणि मोकळी दृष्टिरेषा हेच या लहरींचं भांडवल. जुलै २०२५मध्ये अंतराळवीर शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून बंगळूरूच्या यू. आर. राव उपग्रह केंद्राशी हॅम रेडिओवर बोलले, ते सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून. मध्ये काहीच आडवं नव्हतं. पुण्याहून चिपळूण त्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही जवळ आहे, पण हँडसेटच्या दृष्टीने ते जगाच्या दुसऱ्या टोकाला, कारण मध्ये सह्याद्रीची रांग आहे. आणि पावसाने वीज घालवली, की डोंगरावरचा रिपीटरही बॅटरी असेतोवरच.

मग उरतं ते आकाश. १९१२च्या कायद्याने अमेरिकेतल्या हौशी मंडळींना २०० मीटरपेक्षा आखूड तरंगलांबीच्या, तेव्हा निरुपयोगी समजल्या जाणाऱ्या लहरींवर पिटाळलं होतं. नोव्हेंबर १९२३मध्ये फ्रान्सच्या नीसमधल्या लिओं देलुआ आणि अमेरिकेतल्या फ्रेड श्नेल या दोघा हॅमनी सुमारे १०० मीटरच्या लहरींवर अटलांटिकपार दुतर्फा संभाषण केलं आणि शॉर्टवेव्हची ताकद जगाला दिसली. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये एडवर्ड ॲपलटन यांनी या लहरी परतवणारा विद्युतभारित थर प्रत्यक्ष मोजून दाखवला. त्यासाठी १९४७चं नोबेल त्यांना मिळालं. आपल्याकडे कोलकात्यात शिशिरकुमार मित्र यांनी या थरांचा अभ्यास उभा केला.

सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण वरच्या विरळ हवेतल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सोडवतात. मोकळे झालेले हे इलेक्ट्रॉन रेडिओलहरींना वळवून खाली धाडतात. हा आयनोस्फिअर. त्यातला २०० ते ४०० किलोमीटर उंचीचा ‘एफ’ थर हॅमचा खरा मित्र. तिरकस गेलेली लहर त्यावरून वळून शेकडो, हजारो किलोमीटरवर उतरते. डिसेंबर २००४मध्ये त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांचे हॅम सहकारी योगायोगाने पोर्ट ब्लेअरमध्येच होते. बाकीची संपर्कव्यवस्था कोलमडली असताना त्यांच्या रेडिओवरून हजार किलोमीटरहून दूरच्या मुख्य भूमीशी निरोप चालू राहिले. किल्लारी आणि भूजच्या भूकंपांतही हॅम मदतीला धावले होते.

पण तिरकस लहरीत एक खोट असते. ती दूर उतरते, आणि मधला पट्टा कोरडा राहतो. दिल्ली-कोलकात्याशी खणखणीत बोलणारं पुण्यातलं स्टेशन चिपळूणला ऐकूच येत नाही, असं सर्रास घडतं. जवळचं गाठायचं तर लहर जवळजवळ सरळ डोक्यावर पाठवावी लागते, म्हणजे ती कारंज्यासारखी आजूबाजूला सगळीकडे पडते. ३०० किलोमीटरवरच्या थरावरून पुणे-चिपळूण गाठायचं, तर लहर क्षितिजापासून जवळपास ८० अंशांत वर जायला हवी. पाच किलोमीटरवरचा हजार मीटर उंच डोंगर फक्त अकराएक अंश आकाश अडवतो. त्याचा इथे काही संबंधच उरत नाही.

यासाठी लागणारी अँटेना पाहून नवखा चक्रावतो. उंच बांधू तेवढी चांगली, हा त्याचा समज असतो. सात मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ४२ मीटर. तिच्यासाठी साधी डायपोल म्हणजे दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तांब्याची तार. ती २१ मीटर उंच टांगली, तर थेट वर निघालेली लहर आणि जमिनीवर आपटून परतलेली लहर एकमेकींना मारतात. डोक्यावरच्या आकाशात जवळपास काहीच जात नाही. तीच तार दहा मीटरवर आणली, की दोन्ही एकमेकींत मिळतात आणि सर्वाधिक जोर नेमका वर लागतो. आणखी खाली, पाच मीटरवर, जमीन थोडी शक्ती खाते, तरी काम भागतं. म्हणजे आंब्याच्या दोन झाडांमध्ये बांधलेली तार, गाडीची बॅटरी आणि शंभर वॉटचा सेट, एवढ्यावर सह्याद्री ओलांडता येतो. ‘फील्ड डे’ला क्लब शहराबाहेर विजेच्या जोडणीशिवाय स्टेशन उभारतात ते हेच शिकायला. शहरात हा प्रयोग अवघड झालाय, कारण एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर यांचा खरखराट क्षीण सिग्नल गिळतो.

एवढं सोपं असेल तर अडचण कुठे? अडचण घड्याळात आहे. सरळ वर गेलेली लहर परत येईल की अवकाशात निसटेल, हे थरातल्या इलेक्ट्रॉनांच्या दाटीवर ठरतं. एका घनमीटरमध्ये एक लाख कोटी इलेक्ट्रॉन असतील, तर सुमारे ९ मेगाहर्ट्झपर्यंतच्या लहरी परततात. दिवसा आपल्या अक्षांशांवर एवढी दाटी बहुधा असते, त्यामुळे ७ मेगाहर्ट्झ चालतं. सूर्य मावळला की नवे इलेक्ट्रॉन सुटायचे थांबतात, असलेले जोड्या जमवून नाहीसे होऊ लागतात. सूर्योदयापूर्वी दाटी तळ गाठते. तेव्हा ७ मेगाहर्ट्झची लहर थर भेदून निघून जाते आणि चिपळूण पुन्हा गप्प होतं. उपाय म्हणजे साडेतीन मेगाहर्ट्झवर, ‘८० मीटर’च्या पट्ट्यावर उतरणं. पण तिथे तार चाळीस मीटर लांब लागते, आणि दिवसा खालचा ‘डी’ थर या लहरी शोषून घेत असल्याने दुपारी तो पट्टा कामाचा नसतो. शिवाय दूरवर कडाडणाऱ्या विजांचा खरखराट या पट्ट्यावर ७ मेगाहर्ट्झपेक्षा जास्त.

त्यात सूर्याचं सुमारे अकरा वर्षांचं चक्र आहे. चालू चक्राचा कळस गाठल्याचं शास्त्रज्ञांनी ऑक्टोबर २०२४मध्ये जाहीर केलं. कळसाच्या काळात थर इतका दाट होता, की ७ मेगाहर्ट्झ अनेकदा रात्री उशिरापर्यंत साथ देई. आता उतरण लागली आहे. दशकाच्या शेवटी सूर्य शांत होईल, तसा हा पट्टा संध्याकाळीच हात आखडता घेईल.

आता क्लबांचं वेळापत्रक पाहू. बरीचशी नेट सकाळची असतात, कारण तेव्हा सगळ्यांना सवड असते आणि ७ मेगाहर्ट्झही छान चालतं. किल्लारीचा भूकंप झाला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. इरशाळवाडीवर १९ जुलै २०२३ला दरड कोसळली ती रात्री. आपण सोप्या वेळेची तालीम करतो आहोत, आणि परीक्षा अवघड वेळेला होते. सकाळचं नेट बंद करावं असं कुणी म्हणणार नाही. गप्पांनीच क्लब टिकतो. पण महिन्यातून एक नेट पहाटे तीनला, ८० मीटरवर, बॅटरीवर चालवावं, आणि तेही पावसाळ्यात. कोकणातून, मावळातून, मुळशीतून कोण कोणाला ऐकू आलं, किती वाजता आवाज गेला, पट्टा बदलल्यावर परतला का, हे सगळं वहीत उतरावं आणि ती वही जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला द्यावी. हाताशी असा तक्ता असला, तर पहाटे कुठला पट्टा लावायचा यावर त्या घडीला कुणाला डोकं चालवावं लागणार नाही.