निजामाचे दप्तर आणि बीडचा शेजारधर्म

ज्या हैदराबाद संस्थानाचा भारताशी असलेला तंटा १९४८ साली संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे गेला, त्याच संस्थानाचे जीर्ण दप्तर आज बीड जिल्ह्याच्या राजकारणाचा केंद्रबिंदू बनले आहे.

१९५६ पर्यंत बीड जिल्हा हैदराबाद राज्यात होता. विदर्भात कुणबी म्हणून नोंदल्या गेलेल्या शेतकऱ्यास इतर मागासवर्गाच्या सवलती मिळतात; आमच्याही पूर्वजांची नोंद निजामी कागदांत कुणबी अशीच असता आम्ही त्यांपासून वंचित का, हा मराठवाड्यातील मराठा शेतकऱ्याचा प्रश्न आहे. ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतंत्र मराठा आरक्षण रद्द केल्यावर त्यास धार आली. बीड जिल्ह्यातील मातोरीचे मनोज जरांगे यांच्या उपोषणानंतर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि उर्दू व मोडी दस्तऐवजांचा शोध सुरू झाला. पुढे मुंबईच्या आझाद मैदानावरील आंदोलनाअंती २ सप्टेंबर २०२५ रोजी शासनाने निजामकालीन नोंदींच्या आधारे कुणबी दाखला देण्यासाठी हैदराबाद गॅझेटियरच्या अंमलबजावणीचा निर्णय काढला.

परंतु माळी, तेली, कुंभार अशा जातींना, ज्यांच्यासह साऱ्या इतर मागासवर्गास राज्याच्या नोकऱ्यांत १९ टक्के आरक्षण आहे, संख्येने प्रबळ असा नवा भागीदार आल्यास आपल्या मुलांच्या पदरी काय उरेल, ही चिंता वाटते, आणि छगन भुजबळांसारख्या इतर मागासवर्गीय नेत्यांनी ती उघडपणे मांडली आहे. ही चिंता जितकी रास्त, तितकीच कोरडवाहू जमिनीचे तुकडे कसून मुलांची फी भरू न शकणाऱ्या मराठा कुटुंबाची व्यथाही खरी आहे. ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मराठा आरक्षण आंदोलनाच्या काळात माजलगाव व बीड येथे लोकप्रतिनिधींची घरे पेटली, तेव्हा यांपैकी एकाही दुःखाचे निवारण झाले नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मात्र जातीची भिंत गावोगाव अधिक उंच झाली.

दिवाळी सरताच मुकादमाची उचल घेऊन जे जोडपे कोयत्यासह ऊसतोडीसाठी साखर कारखान्याच्या वाटेला लागते, त्याचे दारिद्र्य कोणत्याही दाखल्याने आपोआप मिटत नाही. पाणी, शाळा आणि जिल्ह्यातच मिळणारा रोजगार यांवाचून आरक्षणाची मोजकी पदे हा अपुरा उपाय आहे. तथापि दाखला द्यावयाचाच, तर न्याय उघड्यावर व्हावा: सापडलेली प्रत्येक नोंद देवनागरीत उतरवून चावडीवर लावली जावी, तपासणीचा निकष सर्वांस एकच असावा आणि हरकत घेणाऱ्याची सुनावणी मुदतीत व्हावी. कागद खरा की खोटा हे जमावाने ठरवू नये. आणि त्याचा निकाल कोणताही लागो, शेजाऱ्याशी असलेला व्यवहार आपण तोडू नये, हीच बीडच्या प्रत्येक नागरिकास कळकळीची विनंती.