‘ड्युअल’ म्हणजे नेमके काय? : संगणकाच्या प्रोसेसरची नावे आणि महाविद्यालयीन खरेदी

प्रस्तावना

पुसदसारख्या तालुक्याच्या ठिकाणी महाविद्यालयीन संगणक खरेदी ही वारंवार घडणारी गोष्ट नाही. अनुदान मंजूर होते, कोटेशन मागविली जातात, तुलनात्मक तक्ता तयार होतो आणि सर्वांत कमी दराचे कोटेशन स्वीकारले जाते. त्यानंतर ते यंत्र दहा-दहा वर्षे प्रयोगशाळेत राहते. डेडस्टॉक पडताळणीचे काम प्रस्तुत लेखकाकडे आले असता जुन्या रजिस्टरमध्ये ‘ड्युअल प्रोसेसर संगणक’ अशी नोंद आढळली. कॅबिनेट उघडून पाहिले तर मदरबोर्डवर प्रोसेसरचे सॉकेट एकच! पुरवठादाराने फसविले असे म्हणता येत नाही. बिलावर ‘पेंटियम ड्युअल कोअर’ असे स्पष्ट लिहिलेले होते. बिलावरून रजिस्टरमध्ये येताना ‘कोअर’चा ‘प्रोसेसर’ झाला होता.

‘दोन’चे तीन अर्थ

खऱ्या ड्युअल प्रोसेसर संगणकात दोन सॉकेट व त्यांत दोन स्वतंत्र प्रोसेसर असतात. इंटेलचा झिऑन, एएमडीचा अ‍ॅथलॉन एमपी (२००१) किंवा अ‍ॅपलच्या पॉवर मॅक जी-५ (२००३) मधील दोन प्रोसेसरांची प्रारूपे ही त्याची उदाहरणे होत. मे २००५ मध्ये पेंटियम डी आणि अ‍ॅथलॉन ६४ एक्स-२ बाजारात आले. त्यांत प्रोसेसर एकच, पण गणन करणारे गाभे, म्हणजे कोअर, दोन. तिसरा प्रकार हायपर-थ्रेडिंगचा. नोव्हेंबर २००२ मधील ३.०६ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ मध्ये कोअर एकच असूनही विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये दोन आलेख दिसत, आणि पाहणाऱ्यास यंत्रात दोन प्रोसेसर असल्याचा भास होई. दोन स्वयंपाकघरे, एका स्वयंपाकघरात दोन आचारी, आणि भाजी शिजेपर्यंत कणीक मळून घेणारा एकच आचारी, इतका हा फरक आहे.

हा फरक केवळ शाब्दिक नव्हे. विंडोज एक्सपीची होम आवृत्ती एकच प्रोसेसर वापरू शके, प्रोफेशनल आवृत्ती दोन. परंतु मायक्रोसॉफ्टने मोजणी सॉकेटची धरल्यामुळे दोन कोअरचा एक प्रोसेसर होम आवृत्तीतही पूर्णपणे चाले.

नावांचा गोंधळ

जानेवारी २००६ मध्ये लॅपटॉपसाठी ‘कोअर ड्युओ’ आला; तो ३२ बिटचा होता. जुलै २००६ मधील ‘कोअर २ ड्युओ’ ६४ बिटचा. येथे ‘२’ हा पिढीचा आकडा असून कोअरची संख्या ‘ड्युओ’ सांगतो. म्हणूनच ‘कोअर २ क्वाड’मध्ये चार कोअर व ‘कोअर २ सोलो’मध्ये एक, हे विचित्र वाटले तरी सुसंगत आहे. २००७ मध्ये ‘पेंटियम ड्युअल कोअर’ आला आणि पेंटियम डी व तो एकच असा समज पसरला. पेंटियम डी ८२० चा वेग २.८ गिगाहर्ट्झ, तर पेंटियम ड्युअल कोअर ई २१४० चा १.६. तुलनात्मक तक्त्यात पहिलाच सरस दिसणार. प्रत्यक्षात दुसरा नव्या रचनेचा, प्रत्येक ठोक्यात अधिक काम करणारा, आणि त्याचे ऊष्मामान ९५ ऐवजी ६५ वॅट. भारनियमनाच्या त्या काळात यूपीएसवर प्रयोगशाळा चालविणाऱ्यास या ३० वॅटचे मोल वेगळे सांगावयास नको.

दोन कोअर म्हणजे दुप्पट वेग हाही भ्रमच. पुण्याच्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा ६४ ट्रान्सप्युटरांचा महासंगणक उभारला, तेव्हाही काम अनेक प्रोसेसरांत विभागणारी आज्ञावली लिहिणे आवश्यकच होते. अ‍ॅमडालच्या नियमानुसार (१९६७) कामाचा निम्मा भाग अविभाज्य असेल, तर दोन कोअरमुळे वेग जेमतेम १.३३ पट होतो.

आजची स्थिती

ड्युअल कोअर मागे पडले तरी गोंधळ कायम आहे. ‘आय ५’ म्हणजे पाच कोअर असे समजणारे सुशिक्षित आजही भेटतात. २०१७ चा डेस्कटॉप आय ७-७७०० विंडोज ११ च्या मान्य यादीत नाही. २०१८ चा साधा सेलेरॉन जी ४९०० मात्र आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्याने ही बाब थेट प्रयोगशाळेपर्यंत येऊन पोहोचली आहे. त्यामुळे निविदेत ‘आय ७ किंवा समतुल्य’ एवढेच लिहिणे धोक्याचे ठरते. प्रोसेसरचा संपूर्ण मॉडेल क्रमांक, सॉकेट, कोअर व थ्रेड यांची संख्या आणि बाजारात आल्याचे वर्ष कोटेशनमध्येच मागवावे, आणि डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंद करताना तोच मॉडेल क्रमांक अक्षरशः उतरवून घ्यावा.