नादारीचे शेवटचे महिने आणि वाढलेला पगार



'नादारी' हा शब्द आपल्यापैकीं पुष्कळांनीं प्रथम शाळेंत ऐकला असेल. घरची गरिबी पाहून मुलाची फी माफ होई, तिला आम्ही मास्तर लोक नादारी म्हणत असूं. तिच्यासाठीं बापानें उत्पन्नाचा दाखला वर्षारंभीं एकदां आणून दिला कीं काम भागे. आज मला बोलावयाचें आहे तें न्यायालयांतील नादारीविषयीं, म्हणजे ज्याला आपण दिवाळें म्हणतों त्याविषयीं. तेथें एका दाखल्यानें भागत नाहीं. उत्पन्न बदललें कीं तें कळवावें लागतें, आणि तें अगदीं शेवटच्या दिवसापर्यंत. ह्या शेवटच्या दिवसांबद्दल लोकांत गैरसमज फार आहे, म्हणून तेवढाच भाग मीं निवडला आहे.

आमच्या भागाला हा विषय परका नाहीं. १२ मे १८७५ रोजीं सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं, आणि तो वणवा पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. शिरूर तालुक्यांतील कर्डें गांवीं तर ह्या असंतोषाची धग आधींच लागली होती. त्यांतून १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं जो खास कायदा झाला, त्यांत ५० रुपये कर्ज असलेल्या शेतकऱ्यालाही नादार ठरविण्याची सोय होती. तो कायदा आतां राहिला नाहीं. पुणें जिल्ह्यांतील साध्या कर्जदाराला आज लागू पडतो तो १९२० सालचा प्रांतिक नादारीचा कायदा. मुंबई शहरासाठीं १९०९ सालचा निराळा आहे.

आतां एक उदाहरण कल्पूं. दौंड तालुक्यांतील कासुर्डी हें पुणें–सोलापूर रस्त्यावरचें गांव. ह्या बाजूस गुऱ्हाळें पुष्कळ. समजा, एकानें उसनवार करून गुऱ्हाळ घातलें. चरख आणला, काहिली बसविल्या, गुळाचा भाव पडला, आणि ढेपा विकून चुलाण्यापुरतेही पैसे सुटेनात. देणें डोईजड झालें तेव्हां त्यानें न्यायालयांत अर्ज केला व तो नादार ठरला. त्या हुकुमाबरोबर त्याची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या स्वाधीन झाली, आणि न्यायालयाच्या परवानगीवांचून त्याच्यावर दावा लावण्याची धनकोंस बंदी झाली. पुढें तो कुरकुंभच्या एका कारखान्यांत हिशेबनीस म्हणून २२,००० रुपयांवर राहिला. मुक्ततेच्या अर्जाची तारीख दोन महिन्यांवर आली असतां पगार २८,००० झाला. घरांत विचार सुरू होतो: "इतके दिवस काढले, आतां दोन महिन्यांसाठीं कशाला सांगावयाचें?"

सांगावयाचें, कारण कायद्यांतील सीमारेषा मुक्ततेच्या हुकुमाची आहे. १९२० च्या कायद्याचें २८ वें कलम म्हणतें कीं नादार ठरल्यानंतर आणि मुक्तता होण्यापूर्वीं जी मालमत्ता मिळेल ती तत्काळ रिसीव्हरकडे जाते. वडील वारल्यामुळें वाट्यास आलेलें शेत असो, कीं पगारांतील जप्तीस पात्र असलेला भाग असो, नियम तोच. अर्ज दिला म्हणजे सुटलों, अशी समजूत मीं चांगल्या शिकलेल्या माणसांच्या तोंडूनही ऐकली आहे. तसें नाहीं. हुकूम होईपर्यंत मनुष्य नादारच.

पण ह्यावरून सारी वाढ हातची जाते असेंही समजूं नये. भीतीचें मूळ येथेंच आहे, म्हणून हिशेब नीट करून पाहूं. दिवाणी व्यवहार संहितेच्या ६० व्या कलमानें जें जप्त होऊं शकत नाहीं, तें रिसीव्हरकडेही जात नाहीं. पगारापैकीं पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन-तृतीयांश सुरक्षित. २२,००० पगारावर सुरक्षित रक्कम १,००० अधिक १४,०००, म्हणजे १५,०००, उरले ७,०००. पगार २८,००० झाला कीं सुरक्षित रक्कम १,००० अधिक १८,०००, म्हणजे १९,०००, उरले ९,०००. वाढ ६,००० ची. तींतील ४,००० घरांत राहतात व २,००० धनकोंच्या वांट्यास जाऊं शकतात. हाच गृहस्थ हिशेबनीस नसून मजूर असता, तर कुशल असो वा अकुशल, त्याच्या मजुरीला जप्तीच नसती. शेतकऱ्याचीं अवजारें, आवश्यक बैल व बियाणें यांनाही तसेंच संरक्षण आहे.

म्हणजे दोन महिने गप्प राहून वांचणार किती, तर सुमारें ४,००० रुपये. आणि पणाला काय लागतें? मुक्ततेच्या अर्जावर न्यायाधीश धनकोंचे आक्षेप ऐकतात आणि रिसीव्हरचा अहवाल पाहतात. मालमत्ता लपविली असें दिसलें तर बिनशर्त मुक्तता नाकारावी, असें ४२ वें कलम सांगतें. माहिती देण्याचें कर्तव्य जाणूनबुजून टाळणें हा ६९ व्या कलमाखालीं गुन्हा असून त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. बँकेचें पासबुक आणि कारखान्याचें पगारपत्रक ह्या दोन कागदांपुढें लपवाछपवी फार दिवस टिकत नाहीं, हें तर हिशेबनिसाला सांगावयास नकोच.

ह्याच ४२ व्या कलमांत आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे मला वाटतें फार थोड्यांचें लक्ष जातें. बिनतारण देण्याच्या रुपयामागें आठ आणे, म्हणजे ५० पैसे, भरतील इतकी मालमत्ता नसेल, तर बिनशर्त मुक्ततेस अडथळा येतो. मात्र ही तूट आपल्या दोषामुळें आली नाहीं असें ऋणकोनें पटविलें तर गोष्ट निराळी. तेव्हां शेवटच्या महिन्यांत वाढलेली रक्कम प्रामाणिकपणें जमा झाली, तर ती ऋणकोच्याच बाजूनें बोलते. शिवाय मुक्तता देतांना पुढील मिळकतीबद्दल अटी घालण्याचा अधिकार न्यायालयास ४१ व्या कलमानें आहे. त्या अटी खऱ्या आंकड्यांवर ठरलेल्या बऱ्या. पगार कमी झाला असेल, नोकरी सुटली असेल, तर तेंही ह्याच कारणानें कळवावें. लोक वाढ लपवितात तसे घट सांगावयासही लाजतात.

२०१६ सालच्या नादारी व दिवाळखोरी संहितेनें हें कर्तव्य अधिक स्पष्ट शब्दांत मांडलें आहे. मिळकत वाढल्यास ती सात दिवसांच्या आंत विश्वस्तास कळवावी, असें तिचें १५० वें कलम आहे. मुक्ततेनंतर वाढ कळविण्याचें हें बंधन सुटतें, मात्र विश्वस्ताला इतर माहिती देण्याचें सुटत नाहीं. व्यक्तींच्या दिवाळखोरीचा हा भाग १ डिसेंबर २०१९ पासून कंपन्यांच्या कर्जास वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरताच लागू झाला. आमच्या गुऱ्हाळवाल्याला जुनाच कायदा.

ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत त्यांच्यासाठीं दोन शब्द. इंग्लंडांत मुक्तता सामान्यतः १२ महिन्यांनीं होते, आणि मिळकतींतील वाढ २१ दिवसांत कळवावी लागते. पगारांतून हप्ते देण्याचा हुकूम मागावयाचा तर तो मुक्ततेपूर्वींच मागावा लागतो. पण एकदां झाला कीं हप्ते मुक्ततेनंतरही, एकूण तीन वर्षांपर्यंत, चालूं शकतात. म्हणून तेथें शेवटच्या महिन्यांकडे विश्वस्ताचें लक्ष अधिक. कॅनडांत ठराविक मर्यादेपेक्षां मिळकत जास्त भरली तर पहिल्याच दिवाळखोरीची मुदत ९ महिन्यांवरून २१ महिन्यांवर जाते.

कळवावयाचें कसें, तर तोंडी नव्हे. वाढीची तारीख, जुना व नवा पगार लिहून, नव्या पगारपत्रकाची नक्कल जोडून, रिसीव्हरकडे पत्र द्यावें आणि पोंच घ्यावी. रिसीव्हर नेमला नसेल तर न्यायालयांत अर्ज द्यावा. मागील महिन्यांची थकबाकी मुक्ततेनंतर हातीं येणार असेल, तर तिचाही उल्लेख आधींच करावा. ती कोणाची, हा निर्णय आपण घरीं बसून करूं नये. आणि मुक्ततेचा हुकूम हातीं येईपर्यंत ५० रुपयांची किंवा त्याहून अधिक उधारी करावयाची झाल्यास, आपण अद्याप मुक्त न झालेले नादार आहों हें त्या माणसाला आधीं सांगावें लागतें. न सांगितल्यास त्यालाही सहा महिन्यांपर्यंत शिक्षा आहे. कायद्यांत हा ५० चा आंकडा १९२० पासून तसाच राहिला असल्यामुळें आजच्या दिवसांत किराणा दुकानदाराकडील आठवड्याचें खातेंही त्यांत येतें.